एक तप आणि चार महिने

स्फोट होणार नाही.
हे मी आधीच सांगून टाकते,
कारण लोक आधी तेच विचारतात.
त्या यंत्राला विझणं फार सोपं :
चिमूटभर हवा आत शिरली
की लाजाळूसारखा मिटतो
सूर्याचा तो तुकडा.

माझं काम विझल्यानंतरचं.
ट्रेंट नदीच्या काठी, जुन्या कोळसा-केंद्राच्या जागेवर,
भट्टीच्या पोटातून यंत्राचे हात
एकेक फरशी सोलून काढतात,
आणि मी बघते कुठली कुठल्या पिंपात जाते.
न्यूट्रॉनांनी झोडपलेलं पोलाद.
आणि ट्रिशियम, जो धातूतूनही पाझरतो,
पाण्यात पाणी होऊन बसतो,
ओळखू येत नाही.
त्याचं अर्धं आयुष्य एक तप आणि चार महिने.
दर तपाला निम्मा,
मग निम्म्याचा निम्मा.
माझी मुलगी जन्मली तेव्हा सील केलेलं पहिलं पिंप
आता तिच्याइतकंच निम्मं शांत झालंय.
(ती मात्र तेराव्यात शिरली
आणि शांततेचं नाव नाही.)

कॉटमूरच्या सभागृहात खुर्च्या साठ, माणसं एकोणीस,
सगळ्यांत मोठा आवाज चहाच्या किटलीचा.
कंपनीचे रसेल फेन्विक म्हणाले,
"शंभर वर्षं. फक्त शंभर.
जुन्या अणुभट्ट्यांसारखी लाखभर नव्हेत."
तेव्हा मागून डेन्झिल ऑर्टन उठला,
कोळसा होता तेव्हा बॉयलरवर असलेला.
कोळसा उगाळावा तितका काळाच,
तरी तो उगाळत राहिला :
"राखेलाही तुम्ही तात्पुरती म्हणाला होतात.
आता तिच्यावर मेंढ्या चरतात.
खाली कुठे काय आहे ते मला ठाऊक,
आणि मी पंच्याऐंशीचा."

कुणी हसलं नाही. किटली बंद झाली.

घरी जाताना मला वाटलं,
लाख वर्षांचं वचन दगडाला देता येतं.
खोल पुरायचं, वर डोंगर ठेवायचा.
शंभर वर्षांचं मात्र माणसांनाच द्यावं लागतं,
आणि माणसं बदली होतात, निवृत्त होतात,
किल्ल्या कुठल्या खणात ते विसरतात.

त्याच आठवड्यात एक कागद अडला.
एकेचाळीस पिंपं, एकाच घाण्यातलं पोलाद,
आणि नायोबियमच्या रकान्यात एक आडवी रेघ.
मोजलंच नव्हतं.
रेघेचा अर्थ शून्य होत नाही.
नायोबियम जरा जास्त निघालं तर
शंभराची वीस हजार होतात,
पिंप तेच, रंग तोच.
फेन्विक फोनवर म्हणाले, "हजारात काही कण, ब्रायोनी."
मी म्हटलं, "मग किती ते लिहा."
"नियमात बसतंय."
"बसवलंय. उभं करून दाखवा."
सही केली नाही.
माझ्या वरिष्ठांनी दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा विचारलं नाही.

शंभर वर्षं म्हणजे पणती.
मी तिला पाहणार नाही,
पण तिच्या हाती हे जाणारच आहे,
तर वात किती, तेल किती
हे लिहून द्यायला हवं,
तिला वाचता येईल अशा अक्षरात.
आतापासून मी टिपणात संक्षेप वापरत नाही.

रविवारी डेन्झिलबरोबर कुरणावर गेले.
तो काठीने दाखवत गेला :
इथे तळं होतं, इथे दुसरं,
इथे आम्ही ड्रम टाकायचो, कशाचे विचारू नकोस.
मी विचारलं.
त्याने सांगितलं, सांगताना मेंढ्यांकडे बघत.
मी नकाशावर खुणा करत गेले.
हे माझ्या अधिकारात बसत नाही.
पेन्सिल वाऱ्याने दोनदा पडली,
दुसऱ्यांदा त्यानेच वाकून उचलली,
गुडघ्यावर हात ठेवून, बराच वेळ घेऊन,
आणि म्हणाला, "तारीखही घाल."